एका हसऱ्या माणसाचा शेवटचा प्रवास

बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात पारावर जाऊन बसा आणि 'साहेब' एवढाच शब्द उच्चारा. कोणते साहेब, असे कोणी विचारणार नाही. तालुक्याचे साहेब वेगळे, शाळेचे साहेब वेगळे. पण नुसते 'साहेब' म्हटले की म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढे गोपीनाथ मुंडे उभे राहतात. मग कोणी त्यांच्या भाषणातला विनोद सांगतो, कोणी त्यांच्या हजरजबाबीपणाचा किस्सा सांगतो. थोड्या वेळाने सगळे गप्प होतात आणि एक प्रश्न हमखास निघतो : "एवढ्याशा धडकेने माणूस जातो कसा?"

हा प्रश्न राजकारणाचा नाही. तो पदार्थविज्ञानाचा आहे आणि तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातल्या दोन-तीन सूत्रांनी तो सुटतो. आज तोच सोडवू. पण त्याआधी हा माणूस कोण होता ते थोडक्यात पाहू.

नाथ्रा ते दिल्ली

गोपीनाथ मुंडे यांचा जन्म १२ डिसेंबर १९४९ रोजी परळी तालुक्यातील नाथ्रा या लहानशा गावी, शेतकरी कुटुंबात झाला. पुढे अंबाजोगाईच्या महाविद्यालयात शिकताना त्यांची प्रमोद महाजन यांच्याशी गाठ पडली. ही मैत्री जन्मभर टिकली आणि पुढे नात्यातही बदलली. पुण्याला कायद्याचे शिक्षण, आणीबाणीत तुरुंगवास, १९८० मध्ये रेणापूर मतदारसंघातून आमदारकी, मग विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपद, १९९५ ते १९९९ या काळात राज्याचे उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखाते, २००९ मध्ये बीडची खासदारकी असा त्यांचा चढता प्रवास आहे.

पण लोकांना ते पदांमुळे आठवत नाहीत. गप्पांची बैठक जमवणारा, माणसांत रमणारा, स्वतः हसणारा आणि सभेला हसवणारा माणूस म्हणून ते आठवतात. शेजारच्या लातूर जिल्ह्याचे विलासराव देशमुख हे विरुद्ध पक्षातले. पण दोघांची दोस्ती साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होती. एकाच व्यासपीठावर दोघे आले की एकमेकांना काढलेले चिमटे ऐकायला लोक मुद्दाम थांबत. दसरा झाला की बीड जिल्ह्यातले हजारो ऊसतोड मजूर बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. त्या मजुरांच्या मजुरीच्या दराचा प्रश्न मुंडे यांनी वर्षानुवर्षे लावून धरला. म्हणूनच फडावरच्या माणसाला ते आपल्या घरचे वाटत.

२६ मे २०१४ रोजी त्यांनी केंद्रीय ग्रामविकास मंत्री म्हणून शपथ घेतली. त्यानंतर जेमतेम आठवडा झाला होता. ३ जून २०१४ च्या सकाळी साडेसहाच्या सुमारास ते दिल्लीच्या विमानतळाकडे निघाले होते. निवडणुकीतील विजयाबद्दल त्यांचा जिल्ह्यात सत्कार व्हायचा होता. ते मोटारीत मागच्या आसनावर बसले होते आणि त्यांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. एका चौकात बाजूने आलेल्या दुसऱ्या मोटारीने त्यांच्या गाडीला धडक दिली. पुढे बसलेल्या चालकाला गंभीर इजा झाली नाही. मुंडे यांच्या अंगावरही बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. तरीसुद्धा तासाभरातच रुग्णालयात डॉक्टरांनी त्यांना मृत घोषित केले. यकृत फाटून पोटात रक्तस्राव झाला होता. त्यांचे वय ६४ वर्षांचे होते.

जखम दिसत नाही, गाडीचा चक्काचूर झालेला नाही आणि चालक धडधाकट! लोकांच्या मनात शंका आली ती यामुळेच. केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली आणि हा अपघातच होता, असा निष्कर्ष काढला. आता आपण आपली चौकशी करू. आपला साक्षीदार आहे न्यूटन.

एका धडकेत तीन धडका

एस.टी.त उभे असताना चालकाने करकचून ब्रेक दाबला की तुम्ही पुढे झुकता. कोणी ढकलले का? नाही. गाडी थांबली, पण तुमचे शरीर आधीच्याच वेगाने पुढे जात राहिले. यालाच आपण जडत्व म्हणतो. न्यूटनचा पहिला नियम सांगतो तो हाच : बाहेरून बल लागल्याशिवाय वस्तू आपली स्थिती बदलत नाही.

मोटारीच्या अपघातात एक नव्हे, तीन धडका होतात. पहिली धडक मोटारीची. ती दुसऱ्या वाहनावर किंवा झाडावर आदळते आणि थांबते. दुसरी धडक माणसाची. मोटार थांबली, तरी आतला माणूस तिच्या आधीच्या वेगाने जातच असतो. तो समोरच्या आसनाच्या पाठीवर, दारावर किंवा छतावर आदळतो. तिसरी धडक कोणाला दिसत नाही. शरीर थांबते, पण शरीराच्या आतले अवयव अजून पुढेच निघालेले असतात. मेंदू कवटीवर आदळतो. यकृत आपल्या बंधांना हिसका देते.

यकृत हा पोटातला सर्वांत मोठा भरीव अवयव आहे. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो असते. ते मऊ आणि रक्ताने भरलेले असते. असा अवयव फाटला तर रक्त बाहेर न सांडता पोटातच साठत जाते. कातडीवर ओरखडासुद्धा नसेल आणि माणूस आतून संपत असेल! 'बाहेरून काहीच लागले नाही' या शब्दांवर डॉक्टर विसंबत नाहीत ते याचसाठी.

धडक बाजूने बसली तर काय होते? मोटार एकदम आडवी सरकते. आत बसलेल्याचे शरीर मात्र होते तिथेच राहू पाहते. परिणामी दार किंवा समोरचे आसन त्याच्यावर येऊन आदळते. एकाच मोटारीत बसलेल्या दोन माणसांना वेगवेगळी इजा का होते, तेही यावरून कळते. धडक कोठे बसली, कोण कोठे बसला होता, त्याला कशाने धरून ठेवले होते आणि तो कशावर आदळला, यांवर सारे अवलंबून असते. तेव्हा चालक वाचला यात गूढ काही नाही.

जरा आकडेमोड

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, मोटारीचा वेग ताशी ५४ किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. महामार्गावर हा वेग कोणाला जास्त वाटत नाही. पण हाच वेग मिळवण्यासाठी एखादी वस्तू किती उंचीवरून टाकावी लागेल? वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागा : २२५ ÷ १९.६ = सुमारे ११.५ मीटर. जवळजवळ चार मजले! ताशी ५४ किलोमीटरच्या गाडीतून भिंतीवर आदळणे आणि चार मजली इमारतीच्या गच्चीवरून पडणे, वेगाच्या हिशेबाने दोन्ही सारखेच.

प्रवाशाचे वस्तुमान ६० किलोग्रॅम धरू. त्याची गतिज ऊर्जा ½ × ६० × २२५ = ६७५० ज्यूल. थांबताना ही सगळी ऊर्जा कोठेतरी खर्च व्हायलाच हवी. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा थांबायला जितके जास्त अंतर मिळेल तितके बल कमी लागेल.

सीटबेल्ट लावलेला माणूस मोटारीशी बांधलेला असतो. मोटारीचे नाक चेपते, पट्टा थोडा ताणतो आणि या दोन्हींमुळे त्याला थांबायला अर्धा मीटर मिळतो असे धरू. बल = ६७५० ÷ ०.५ = १३,५०० न्यूटन. हे त्याच्या वजनाच्या सुमारे २३ पट झाले. पट्टा नसलेला माणूस मात्र मोटार थांबून गेल्यावर एखाद्या टणक भागावर आदळतो. तिथे त्याला थांबायला ५ सेंटिमीटर मिळाले, तर बल १,३५,००० न्यूटन, म्हणजे वजनाच्या २३० पट! माणूस तोच आणि वेगही तोच, फरक दहापटीचा.

"पण मी समोरच्या सीटला घट्ट धरून बसतो की!" असे तुमचे काका म्हणतील. पट्ट्यासह थांबायला लागलेला वेळ काढा : ०.०७ सेकंदापेक्षाही कमी. डोळ्यांना दिसून हात हलायलाच सुमारे ०.२ सेकंद लागतो. शिवाय वेळेवर हात पोचले तरी २३ माणसांचे वजन हातांनी पेलणारा पहिलवान अजून जन्मायचा आहे.

शरीर एवढे बल सोसू शकते का? अमेरिकेच्या हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी याचा प्रयोग स्वतःवरच केला. १० डिसेंबर १९५४ रोजी ते अग्निबाणांनी ढकललेल्या घसरगाडीवर बसले. ताशी सुमारे १०१७ किलोमीटर वेग गाठून ती गाडी केवळ १.४ सेकंदात थांबली. त्यांच्यावर वजनाच्या ४६ पटींहून अधिक बल आले. डोळे रक्ताने लाल झाले, पण स्टॅप जगले. पट्ट्यांनी त्यांना आसनाशी नीट जखडले होते म्हणूनच हे शक्य झाले. पुढे त्यांनी मोटारीत पट्टे असावेत म्हणून खूप खटपट केली.

पट्टा असा का?

आज मोटारीत असतो तो तीन ठिकाणी बांधलेला पट्टा १९५९ मध्ये स्वीडनच्या व्हॉल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन यांनी तयार केला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत. कंपनीने हा शोध इतर कारखान्यांनाही मोकळेपणाने वापरू दिला.

या पट्ट्याची खुबी पाहा. तो खांदा, छाती आणि कंबरेची हाडे यांवरून जातो. बल मऊ पोटावर न पडता मजबूत हाडांवर पडावे हा त्यामागचा हेतू. म्हणून खालचा पट्टा पोटावर न घेता खाली, कंबरेच्या हाडांवर घ्यायचा असतो. पट्टा रुंद असतो, कारण तेच बल जास्त क्षेत्रफळावर पसरले की दाब कमी होतो. पट्टा हळू ओढला तर येतो आणि हिसका दिला तर अडतो. उभ्या गाडीत करून पाहा. गुंडाळीतील खिट्टी झटक्याबरोबर दात्यांत अडकते. जडत्वाच्या संकटावर जडत्वाचाच उपाय!

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. फळी उतरती ठेवा आणि तळाशी वीट ठेवा. खेळण्यातल्या ट्रकवर ओल्या चिकणमातीची बाहुली बसवून ट्रक सोडा. पहिल्यांदा बाहुली मोकळी ठेवा, दुसऱ्यांदा बारीक दोऱ्याने बांधा, तिसऱ्यांदा रुंद रिबिनीने बांधा. मोकळी बाहुली विटेपलीकडे पडेल, दोऱ्याची बाहुली चिरेल. रिबिनीच्या बाहुलीचे काय होते, ते तुम्हीच वहीत लिहा.

मागे बसले म्हणून काय झाले?

जडत्व पुढच्या आणि मागच्या आसनात भेद करीत नाही. उलट मागचा मोकळा माणूस पुढच्या माणसाच्या पाठीवर जाऊन आदळतो आणि दोघांनाही धोका होतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी गेले. दोघेही मागे होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. मागच्या प्रवाशांनीही पट्टा लावावा असा आपल्या देशात कायदा आहे आणि न लावल्यास १००० रुपये दंड आहे.

पट्टा म्हणजे अमरपट्टा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. समोरच्या धडकेत तो जितका उपयोगी पडतो तितका बाजूच्या धडकेत पडत नाही. पण शरीराची फेकाफेक तो दोन्हींत कमी करतो. मुंडे गेल्यावर त्या वेळचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन, जे स्वतः डॉक्टर आहेत, म्हणाले होते की मागे पट्टा लावला असता तर आपला मित्र वाचू शकला असता.

आणि ज्यांच्यासाठी मुंडे भांडले, ते ऊसतोड मजूर? ते आजही ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, संसाराच्या गाठोड्यांवर लेकरांना घेऊन बसतात. तिथे पट्टा तर नाहीच, पण धड कठडाही नसतो. वर केलेले गणित त्यांनाही लागू आहे. माल वाहायच्या गाडीतून माणसे वाहू नयेत, हा नियम कागदावरून रस्त्यावर यायला हवा. तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी अधिकारी होईल. तेव्हा हे गणित विसरू नका.

तोवर एक छोटे काम करा. पुढच्या लग्नसराईत जीपने किंवा मोटारीने वऱ्हाडाला निघाल तेव्हा मागच्या आसनाचे पट्टे शोधा. बहुतेक गाड्यांत त्यांची बक्कले सीटकव्हरखाली दडपलेली सापडतील. ती बाहेर काढा, स्वतः पट्टा लावा आणि शेजारच्या आजोबांनाही लावायला सांगा. "मागे कशाला लागतोय रे पट्टा?" असे ते म्हणाले, तर त्यांना परळीच्या साहेबांची आठवण द्या आणि ११.५ मीटरचे गणित समजावून सांगा.