घर्षण निराळे, झीज निराळी

रायपूरच्या रेल्वे स्थानकाजवळ तेलघाणी नाका नावाचा एक चौक आहे. आज तेथे रहदारीचीच घाणी अखंड फिरत असते. पण तेलाशी ह्या नगरीचे जुने नाते त्या नावाने जपून ठेवले आहे. गाडीच्या आसाला वंगण घातल्याविना गाडीवान बाहेर पडत नसे. वंगण सरले की चाक कुरकुरू लागे, आणि त्याची तक्रार बैलांच्या आधी गाडीवानाला कळे. आजच्या मोटारीचे दुर्दैव असे की, तिचे इंजिन फार उशिरा कुरकुरते. ते कुरकुरू लागले म्हणजे बहुधा खर्चाचा मोठा आकडा समोर उभा राहिलेला असतो.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांच्या घरी अलीकडेच ह्यावरून वाद झाला. मुलाने कर्ज काढून टर्बोचार्जर असलेली, वेगवान अशी पेट्रोल मोटार घेतली. महिन्यातून एकदोन वेळा तो तीनशे किलोमीटरांवरील नागपूरला जातो. तेल बदलण्याच्या वेळी कर्मशाळेतील माणसाने घर्षण कमी करणाऱ्या द्रव्याची एक लहान बाटली पुढे केली आणि सांगितले की, ही तेलात ओतली की इंजिनाला कधी धक्का लागावयाचा नाही. "बाबा, एवढी महागाची गाडी घेतली, मग बाटलीसाठी का मागेपुढे पाहावयाचे?" असे मुलाचे म्हणणे. वडिलांचा प्रश्न साधा होता: "हिने रक्षण होते, की नुसते होते असे वाटते?"

प्रश्न विचारण्याजोगा आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना प्रथम शब्दांचाच उलगडा करावा लागतो. इंग्रजी पत्रकांचे मराठी करण्याचा आमचा रोजचा उद्योग असल्यामुळे एक गोष्ट नेहमी ध्यानात येते. जाहिरातीत 'घर्षण कमी' आणि 'झीज कमी' हे शब्द जुळ्या भावंडांप्रमाणे हातात हात घालून येतात. वस्तुतः त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घर्षण म्हणजे गतीला होणारा विरोध. त्याची किंमत आपण पेट्रोलच्या रूपाने देतो. झीज म्हणजे धातूचा प्रत्यक्ष क्षय; त्याची किंमत इंजिन देते.

तेल आपले काम कसे करते, हे इंग्लंडमध्ये १८८३ साली बोशँप टॉवर ह्या अभियंत्याच्या प्रयोगात गमतीदार रीतीने दिसून आले. रेल्वेच्या आसांचे वंगण अभ्यासताना त्याने बेअरिंगला वरून एक छिद्र पाडले. आस फिरू लागताच छिद्रातून तेल वर येऊ लागले. त्याने तेथे बूच बसविले. तेलाने ते बाहेर ढकलून दिले! फिरणारा आस स्वतःच तेलाला चिंचोळ्या फटीत ओढून नेतो आणि तेथे एवढा दाब उत्पन्न होतो की, धातू धातूला न शिवता तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्झ ह्या शास्त्रज्ञाने १८८६ साली ह्याचे गणित मांडले. इंजिनातील मुख्य बेअरिंगे आजही ह्याच तत्त्वावर सुरक्षित राहतात. तेथे रक्षण करतो तो तेलाचा दाटपणा आणि पुरेसा पुरवठा. घर्षणशामक द्रव्याला तेथे फारसे काही करावयाचे नसते.

परंतु इंजिनात सर्वत्र असा पडदा टिकत नाही. पिस्टन वर-खाली जाताना टोकाशी क्षणभर थांबतो. कॅमचे टोक आपल्या जोडीदारावर जोराने दाबले जाते. इंजिन सुरू होताना तेल अद्याप सर्वत्र पोहोचलेले नसते. अशा वेळी धातूचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडतात. येथे तेलातील पूरक द्रव्यांची खरी कसोटी लागते.

ही कल्पना नवी नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी शर्यतीच्या मोटारींत आणि पहिल्या महायुद्धातील विमानांत एरंडेल वापरीत असत. एरंडेलाचे रेणू एका टोकाने धातूला चिकटून राहतात, त्यामुळे पडदा फाटला तरी पृष्ठभाग अगदी उघडा पडत नाही. दोष एवढाच की, उष्णतेने ते लवकर चिकट होऊन त्याचा राळेसारखा थर बसे. पुढे खनिज तेलात निवडक द्रव्ये मिसळण्याची कला वाढली. आपल्या देशातही हे शास्त्र रुजले. इंडियन ऑइलचे फरीदाबाद येथील संशोधन केंद्र १९७२ साली सुरू झाले, आणि मुंबईच्या हिंदुस्थान पेट्रोलियम कारखान्यात वंगणाचे मूळ तेल तयार होते.

आजच्या तेलात दोन प्रकारचे राखणदार असतात. पहिला झीजरोधक. १९४० नंतर प्रचारात आलेले जस्त, फॉस्फरस व गंधक ह्यांचे एक संयुग दाब व उष्णता मिळताच धातूवर काचेसारखा कठीण थर धरते. झीज मुख्यतः हा थर सोसतो, धातू नव्हे. दुसरा घर्षणशामक. मॉलिब्डेनमचे एक संयुग घासल्या जाणाऱ्या जागी निसरडे पापुद्रे निर्माण करते, आणि स्निग्धाम्लांपासून बनविलेली द्रव्ये एरंडेलाप्रमाणे पृष्ठभागाला चिकटतात. दुसऱ्याच्या कामाने इंधनाची थोडी बचत होते, साधारणतः शंभरात एकदोन भागांची. काही ठिकाणी झीजही घटते. परंतु पहिल्याचे काम दुसरा करू शकत नाही.

मग पहिलाच भरपूर का ओतू नये? त्यातील फॉस्फरस धुराड्यातील प्रदूषणरोधक उत्प्रेरकाला निकामी करतो. म्हणून पेट्रोल मोटारींच्या पातळ तेलांत त्याचे प्रमाण साधारण ०.०६ ते ०.०८ टक्के एवढेच ठेवण्याचा दंडक आहे. शिवाय ही सर्व द्रव्ये त्याच चिमूटभर पृष्ठभागावर जागा मिळविण्यासाठी झटत असतात. तेल बनविणारे रसायनज्ञ दीर्घ चाचण्यांनंतर त्यांचा तोल साधतात. बाहेरून ओतलेली अनोळखी बाटली हा तोल बिघडवू शकते.

दाव्यांची परीक्षाही झालेली आहे. १९९६ साली अमेरिकेतील एका ग्राहक-नियतकालिकाने न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सी प्रत्येकी ६०,००० मैल चालवून त्यांची इंजिने उघडून मोजली. निरनिराळ्या तेलांत झिजेचा म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. त्याच वर्षी तेथील संघराज्य व्यापार आयोगाने एका प्रसिद्ध पूरक द्रव्याच्या जाहिरातीतील दाव्यांना पुरावा नसल्याचे सांगून कारवाई केली. टॅक्सी म्हणजे वेगवान मोटार नव्हे, हे खरे; म्हणून त्या पाहणीवरून अखेरचा निर्णय देता येत नाही.

वेगवान मोटारीचे दुखणे निराळेच असते. तिचा टर्बोचार्जर मिनिटाला एक लक्षाहून अधिक फेरे घेतो आणि तेल अतिशय तापते. तापलेले तेल पातळ होते. म्हणून १५० अंश उष्णतेस, वेगाने घासले जात असता तेलात किती दाटपणा उरतो हे मोजतात. '०डब्ल्यू-२०' दर्जाच्या तेलासाठी ही किमान मर्यादा २.६ आहे, अनेक युरोपीय मोटारींसाठी सांगितलेल्या '५डब्ल्यू-४०' तेलात ती ३.५ असते. बेअरिंगांचे रक्षण ह्या आकड्यावर अवलंबून असते, बाटलीवरील चित्रावर नव्हे. लहान टर्बो इंजिनांत मंद गतीला इंधन अवेळी पेटून पिस्टन फुटण्याचाही धोका असतो. तेलातील कॅल्शियमच्या द्रव्यांचा त्याच्याशी संबंध आढळल्यावर २०१८ व २०२० साली नवी मानके आली. २०२० च्या मानकाचे नाव 'एपीआय एसपी'.

रायपूरकरांनी आणखी एका शत्रूची ओळख ठेवावी. येथे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि सिलतरा-उरला भागातील कारखान्यांच्या रस्त्यांवर धूळ सदा उडत असते. हवेच्या गाळणीतून निसटलेला धुळीचा कण तेलाच्या पडद्याहून जाड असू शकतो. तो दोन पृष्ठभागांना कानशीप्रमाणे घासतो, आणि कोणतेही घर्षणशामक त्याला गुळगुळीत करू शकत नाही. तो अडविते ती गाळणी. बाहेर काढते ते वेळेवर बदललेले तेल. मॉलिब्डेनमचे द्रव्यही वापराने संपत जाते, हे तेल वेळीच बदलण्याचे आणखी एक कारण.

येथे गृहिणींनी व तरुणांनी एक सावधगिरी अवश्य बाळगावी. मोटारीचे उरलेले तेल मोटारसायकलीत ओतण्याची काटकसर अनेक घरांत होते. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, आणि त्याला घर्षणाचीच गरज असते! घर्षणशामक तेलाने तो घसरू लागतो. म्हणून अशा वाहनासाठी 'जासो एमए' अशी खूण पाहून तेल घ्यावे. स्कूटरची रचना निराळी असल्याने तिला 'एमबी' चालते.

सारांश, घर्षणशामक द्रव्ये निरुपयोगी नाहीत. चांगल्या तेलात ती योग्य प्रमाणात आधीच असतात, आणि त्यांचा मुख्य लाभ इंधनाचा आहे. वेगवान मोटारीचे रक्षण योग्य दाटपणा, योग्य मानक, स्वच्छ गाळणी व वेळेचे पालन ह्यांनी होते.

आमच्या त्या स्नेह्यांच्या घरी पुढे काय झाले? पितापुत्रांनी एका रविवारी सकाळी मोटारीबरोबर आलेली पुस्तिका प्रथमच उघडून वाचली. तीत सांगितलेल्या मानकाचे तेल त्यांनी घेतले, बाटली परत केली, आणि त्याच पैशांत हवेची नवी गाळणी बसविली. तेल बदलल्याचा दिनांक व किलोमीटरचा आकडा वडिलांनी घरखर्चाच्या वहीत, दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवला आहे.