घरखर्चातील बचत : 'मोफत'चे गणित आणि हाताशी असलेली रोकड

प्रस्तावना

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत उत्पन्नातून उपभोगखर्च वजा केल्यावर उरते ती बचत, अशी साधी व्याख्या आढळते. प्रत्यक्ष घरात मात्र ही वजाबाकी महिन्याच्या अखेरीस एकदाच होत नाही. वाण्याच्या दुकानात, भाजीबाजारात, गॅसच्या शेगडीपाशी आणि अलीकडे मोबाईलच्या पडद्यावर ती दिवसातून अनेकदा होत असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोगखर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण कुटुंबांच्या एकूण खर्चापैकी सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबांच्या खर्चापैकी सुमारे ४० टक्के वाटा अन्नावर होतो. काटकसरीचे पहिले क्षेत्र स्वयंपाकघर हेच राहते, ते यामुळेच.

या क्षेत्रात आज सवलती, भेटवस्तू आणि 'मोफत'च्या घोषणा यांची गर्दी झालेली आहे. त्यांतून बचत होते काय, आणि होत असल्यास ती कोणत्या कुटुंबाची होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सवलतीचा लाभ प्रामुख्याने गरजेवर अवलंबून नसून योग्य दिवशी हाताशी रोकड असण्यावर अवलंबून असतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

सवलतीचे अंकगणित

'दोन घ्या, एक मोफत' ही घोषणा वाचताना एका वस्तूवर पूर्ण सूट मिळाल्याचा भास होतो. वस्तुतः तीन वस्तूंसाठी दोहोंची किंमत दिली जाते, म्हणजे सूट ३३ टक्क्यांच्या आसपास असते. '२५ टक्के अधिक' असे छापलेल्या डब्यावर बचत २५ टक्के नसून २० टक्के असते. कारण १०० ग्रॅमच्या किमतीत १२५ ग्रॅम मिळतात. '५० टक्के व त्यावर आणखी २० टक्के' यांची बेरीज ७० होत नाही, ६० होते. या हिशोबात कोणतीही लबाडी नाही. ग्राहकाची घाई तेवढी गृहीत धरलेली आहे. शिवाय तिसरी वस्तू त्या घरात लागणारच नसेल, तर उरलेल्या दोन वस्तूंवर कोणतीही सूट मिळाली नाही असेच म्हणावे लागते.

या संदर्भात वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियमांत २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती महत्त्वाची आहे. ठरावीक वस्तू ठरावीक वजनांतच विकण्याचे जुने बंधन तिने काढून टाकले आणि त्याऐवजी वेष्टनावर एकक विक्री किंमत छापणे आवश्यक केले. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पुड्यावर ही किंमत दर ग्रॅमला, तर एक किलोपेक्षा अधिक वजनाच्या पुड्यावर दर किलोला दिली जाते. तेथेच ग्राहकाची पंचाईत होते. समजा, ८०० ग्रॅमचा पुडा १६८ रुपयांना आहे, त्यावर ०.२१ रुपये असा दर दिसेल. शेजारच्या २ किलोच्या पुड्यावर १९५ रुपये असा दर दिसेल. पहिल्या आकड्याला हजाराने गुणल्याशिवाय तुलना होत नाही. शिवाय दोन दशांश स्थळांपर्यंतच्या पूर्णांकनामुळे ०.२१ या आकड्यामागे किलोचा खरा दर २०५ ते २१५ रुपयांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. नियम ग्राहकाच्या हिताचा आहे हे निर्विवाद; तथापि तो वापरण्यासाठी पुड्याची किंमत आणि वजन यांचा भागाकार घरच्या घरी करणे अधिक खात्रीचे ठरते. मोठा पुडा स्वस्तच असतो ही समजूतही तपासून घ्यावी लागते. शाम्पूच्या बाबतीत अनेकदा पुडीतला मिलिलिटर बाटलीतल्या मिलिलिटरपेक्षा कमी किमतीत पडतो.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधी २०२२ मध्ये प्रसृत झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी 'मोफत' या शब्दाच्या वापरावर मर्यादा घातल्या आहेत. वस्तू मिळविण्याचा किंवा घरपोच आणण्याचा अपरिहार्य खर्च वगळता अन्य काही द्यावे लागत असेल, तर ती वस्तू मोफत म्हणता येत नाही. आवळा देऊन कोहळा काढण्याची रीत व्यापाराइतकीच जुनी आहे. कायद्याने तिला व्याख्येत पकडण्याचा प्रयत्न मात्र अलीकडचा आहे.

'विनाव्याज' हप्त्यांचा प्रकार याहून नाजूक आहे. समजा, एका शीतकपाटाची किंमत १८,००० रुपये असून रोख खरेदीवर १,५०० रुपयांची सूट आहे. सूट सोडून ३,००० रुपयांचे सहा मासिक हप्ते घेतल्यास व्याज शून्य असल्याचे सांगितले जाते. परंतु वस्तूची रोख किंमत १६,५०० रुपये आहे आणि सोडलेले १,५०० रुपये हेच व्याज होय. हप्ते महिन्याच्या शेवटी धरल्यास हा दर दरमहा अडीच टक्क्यांहून किंचित अधिक, म्हणजे वर्षाला सुमारे ३० टक्के पडतो. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्टपणे बजावले होते. येथेही ज्याच्याजवळ १६,५०० रुपये एकरकमी आहेत त्याला वस्तू स्वस्त मिळते आणि ज्याच्याजवळ नाहीत त्याला तीच वस्तू महाग पडते.

बेगमी आणि भिशी

महाराष्ट्रातील घरांनी या अडचणीवर फार पूर्वीपासून दोन उपाय योजलेले दिसतात. पहिला उपाय वर्षाच्या बेगमीचा. सुगीनंतर नवी तूर बाजारात येते, मार्च-एप्रिलमध्ये गहू येतो, उन्हाळ्यात मिरच्या वाळतात. त्या वेळी माल भरून ठेवावयाचा. यातील लाभाचे प्रमाण मात्र अतिशयोक्तीने सांगितले जाते. पाच माणसांच्या घराला महिन्याला ३ किलो तूरडाळ लागते आणि हंगामात ती किलोमागे २० रुपये स्वस्त मिळते असे मानले, तर वर्षाला ३६ किलोंवर ७२० रुपये वाचतात. त्यातील ४ किलो डाळीला कीड लागली आणि तिचा दर १५० रुपये असला, तर ६०० रुपये तेथेच गेले. म्हणूनच कडक उन्हात वाळवण, डाळीला एरंडेलाचा हात, डब्याचे घट्ट झाकण या गोष्टी केवळ परंपरा नसून बेगमीचा सगळा नफा त्यांवरच टिकलेला असतो.

बेगमीला एकरकमी पैसा लागतो. नेमके त्याच सुमारास वर्षअखेरीची इतर देणीही पुढे उभी असतात. दुसरा उपाय येथे कामास येतो, तो भिशीचा. बारा जणींनी दरमहा १,००० रुपये काढावेत आणि दर महिन्याला एकीने १२,००० रुपये उचलावेत, ही तिची साधी रचना. पहिल्या महिन्यात उचलणारीला ११,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज मिळते. शेवटी उचलणारीची बचत बिनव्याजी पडून राहते. निव्वळ परताव्याच्या दृष्टीने शेवटच्या क्रमांकापेक्षा बँकेतील आवर्ती ठेव सरस ठरेल. परंतु आवर्ती ठेवीत साठले असेल तेवढेच हाती येते. साठण्यापूर्वी रक्कम देण्याची सोय तीत नाही. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरत असला तरी एखादीच्या घरी बारसे आले किंवा धान्य भरावयाचे असले, की तिला आधी देण्याची रीत अनेक ठिकाणी पाळली जाते. बँकेच्या अर्जात या रीतीला रकाना नाही.

या व्यवस्थेची दुर्बलता तिच्या बळाइतकीच ठळक आहे. आधी रक्कम उचललेल्या सभासदाने पुढील हप्ते थांबविले, तर हाती कागद नसतो. लिलावाच्या भिशीत गरजू सभासद तोटा सोसून रक्कम उचलतो आणि तो तोटा इतरांत लाभांश म्हणून वाटला जातो. म्हणजे गरज जितकी तातडीची तितके व्याज अधिक. चिट फंड अधिनियम, १९८२ अन्वये अशा योजनेला पूर्वपरवानगी व नोंदणी आवश्यक आहे. ओळखीच्या दहा-बारा जणींच्या भिशीत विश्वासाने जे काम होते, ते अनोळखी शंभर जणांच्या भिशीत होईल असे मानणे धोक्याचे होय.

काटकसरीचे श्रम

बचतीच्या हिशोबात एक खर्च सहसा धरला जात नाही, तो वेळेचा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात. पापड, कुरडया, सांडगे, जुन्या लुगड्यांची गोधडी, बोहारणीशी तासभर घासाघीस करून जुन्या कपड्यांवर मिळविलेले पातेले, ही सारी बचत या २९९ मिनिटांतून निघते. घरचा पापड विकतच्या पापडापेक्षा स्वस्त असे म्हणताना पिठाची किंमत धरली जाते, लाटणाऱ्या हातांची धरली जात नाही. या हातांना बाजारात मोल आहे, हे १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी उसन्या ८० रुपयांवर सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगाने दाखवून दिले. ज्या कुटुंबात काटकसरीचा अभिमान बाळगला जातो, तेथे ती कोणाच्या दुपारी खर्चून झाली हेही विचारले जाणे न्याय्य ठरेल.

विजेची बचत

श्रम न वाढविता होणारी बचत विजेत अधिक आहे, आणि तिचा हिशोब बहुधा चुकीचा केला जातो. महावितरणचे घरगुती दर पहिली १०० युनिटे, १०१ ते ३०० अशा टप्प्यांनी वाढत जातात. त्यामुळे वाचलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे महाग टप्प्यातले असते. बिलाच्या सरासरी दराने मोजल्यास बचत आहे त्याहून कमी दिसते. महिन्याला १३० युनिटे वापरणाऱ्या घरात ६० वॉटच्या दोन जुन्या दिव्यांऐवजी ९ वॉटचे एलईडी दिवे लावले आणि ते रोज पाच तास चालले, तर महिन्याला १५.३ युनिटे वाचतात. रोज बारा तास चालणारा ७५ वॉटचा पंखा बदलून ३० वॉटचा घेतल्यास आणखी १६.२ युनिटे वाचतात. दोन्ही मिळून वापर ९८.५ युनिटांवर येतो आणि दुसरा टप्पा पूर्णपणे टळतो.

मात्र असा पंखा साध्या पंख्यापेक्षा बराच महाग असतो आणि ती जादा रक्कम एकदम मोजावी लागते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'उजाला' योजनेत हीच अडचण हेरलेली होती. बाजारभावापेक्षा स्वस्त एलईडी दिवा देण्याबरोबरच त्याची किंमत वीजबिलातून थोड्या थोड्या हप्त्यांनी फेडण्याची सोय ठिकठिकाणी करण्यात आली. त्यामुळे दिव्याचे पैसे दिव्यानेच वाचविलेल्या विजेतून भागू लागले.