कळपातल्या प्रत्येक बिल्ल्याची पाळी

दिवाळी झाली की फलटण, माण, खटाव भागातले मेंढपाळ चाऱ्यासाठी वाडे घेऊन बाहेर पडतात. काही जण कोकणात उतरतात. दोनशे मेंढरांतलं एक मागे राहिलं तरी मेंढक्याला ते ओळखता येतं, कारण प्रत्येकीचा चेहरा त्याला पाठ असतो. पण जुळी देणारं जनुक चेहऱ्यावर दिसत नाही.

बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुंदरबनातल्या बुटक्या गरोळ मेंढीचं ‘फेक-बी’ जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं. त्यातून ‘नारी सुवर्णा’ घडली. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. या जनुकाची एक प्रत जरी आली तरी जुळ्यांचं प्रमाण चांगलं वाढतं. मात्र कोणत्या मेंढीत ते आहे, हे रक्ताच्या डीएनए चाचणीतूनच कळतं. म्हणजे चाचणीचा निकाल, वेताची तारीख, कोकरांची वजनं हे सगळं त्या एका मेंढीच्या क्रमांकाशी आयुष्यभर बांधलेलं हवं. क्रमांकात एकदा घोटाळा झाला तर पैदाशीची पुढची सगळी नोंद चुकते.

हा क्रमांक कानातल्या बिल्ल्यावर छापलेला असेल तर तो वाचायला मेंढी धरावी लागते. त्याच बिल्ल्यात बारीक चिप बसवली तर वाचक यंत्राच्या लहरीवर ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. तिला बॅटरी नसते; लागणारी वीज ती त्या लहरीतूनच घेते. जनावरांसाठी जगभर रूढ असलेली चिप १३४.२ किलोहर्ट्‌झवर चालते. तिच्या मानकात पंधरा अंकी क्रमांक असतो आणि भारताचा संकेतांक ३५६ आहे. युरोपीय संघाने मेंढ्यांसाठी तिची सक्ती केली ती २००९ च्या अखेरीस. या चिपमध्ये एक मोठी उणीव आहे. यंत्रासमोर दोन मेंढ्या एकत्र आल्या तर दोन्ही चिप एकाच क्षणी बोलतात, लहरी एकमेकींत मिसळतात, आणि थांबायचं कुणी हे ठरवण्याची सोय मूळ मानकात नाही. म्हणून मेंढ्या अरुंद गल्लीतून एकामागे एक सोडाव्या लागतात. संशोधन केंद्रात अशी गल्ली बांधता येते. रोज मुक्काम बदलणाऱ्या वाड्याने ती कुठे बांधायची?

दुसऱ्या जातीच्या चिप ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झवर बोलतात. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच कुळातला. त्यांच्या नियमात मात्र पाळी ठरवण्याची व्यवस्था पहिल्यापासून आहे. अडचण अशी, की चिपला शेजारची चिप ऐकू येत नाही. तिला फक्त यंत्राचा आवाज कळतो. मग आधी दुसऱ्याला बोलू द्यावं, हे तिला कळणार कसं?

उत्तराचं मूळ हवाई बेटांवर आहे. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटांवरची टर्मिनलं रेडिओने मुख्य संगणकाला जोडली. नियम साधा होता: वाटेल तेव्हा बोला, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोला. या जाळ्याचं नाव अलोहा. त्यात वेळेचा जेमतेम अठरा टक्के भाग कामी येई. पुढे वेळेचे ठरावीक कप्पे पाडून कप्प्याच्या सुरुवातीलाच बोलण्याचं बंधन घातलं, तेव्हा हा आकडा दुप्पट, सुमारे सदतीस टक्के झाला.

बिल्ल्यांनी हेच उचललं. यंत्र आधी कप्प्यांची संख्या जाहीर करतं, प्रत्येक चिप यदृच्छेने एक कप्पा निवडते आणि त्याची पाळी येईपर्यंत गप्प राहते. दोनशे मेंढ्यांसाठी हिशेब करून पाहू. चौसष्टच कप्पे ठेवले तर एकट्या सापडणाऱ्या मेंढ्या सरासरी नऊच्या आसपास. बाकी जवळजवळ सगळीकडे टक्कर. २,०४८ कप्पे ठेवले तर १८१ सुटतात, पण अठराशेहून जास्त कप्पे रिकामे जातात. २५६ ठेवले तर पहिल्या फेरीत सुमारे ९२ वाचल्या जातात. त्या गप्प होतात. उरलेल्या १०८ साठी १२८ कप्पे जाहीर केले की आणखी ४७ सुटतात. यंत्राला कळपाचा आकार आधी ठाऊक नसतो. टकरा वाढल्या तर कप्पे दुप्पट, रिकामे वाढले तर निम्मे, असा अंदाज ते चालता चालता सुधारतं. मला या साऱ्यातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आणखी एक बारकावा आहे. पाळी आली की चिप लगेच पूर्ण क्रमांक सांगत नाही. ती आधी सोळा बिटांचा एक यादृच्छिक आकडा पाठवते. यंत्राने तोच परत उच्चारला तरच खरा क्रमांक देते. त्यामुळे टक्कर झाली तर वाया जातो तो छोटा आकडा, लांबलचक क्रमांक नव्हे. क्वचित लोणंदच्या कांदा लिलावासारखंही होतं: दोघे एकदम ओरडले तरी ज्याचा आवाज मोठा त्याची बोली ऐकू येते. जवळची चिप अशी लांबच्या चिपवर मात करते आणि लांबची पुढच्या फेरीसाठी राहते. अशा रीतीने सेकंदाला शेकडो बिल्ले वाचता येतात.

तरीही मी मेंढपाळाला आज डोळे झाकून हा बिल्ला घ्या म्हणणार नाही. या लहरी पाण्यात विरतात, आणि मेंढीचं शरीर बहुतांशी पाणीच आहे. कान दुसरीच्या पोटाखाली दबला तर चिपला जागं होण्याइतकी वीजच मिळत नाही. जी बोललीच नाही तिची पाळी कोणतं गणित लावणार? कमी कंप्रतेची जुनी चिप याबाबत भरवशाची. तिच्या लहरी शरीरातून सहज जातात. पैदाशीच्या केंद्रात गल्ली आणि ती चिप हीच जोडी योग्य. फिरत्या कळपासाठी मात्र पाळी पाळणारा बिल्लाच उपयोगी. त्याची परीक्षाही फलटणच्या मोकळ्या रानात, ओल्या लोकरीच्या, दाटीने चालणाऱ्या खऱ्या कळपावर व्हायला हवी: मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या, म्हणजे वाघरीच्या, तोंडाशी दोन्ही बाजूंना अँटेना लावून, म्हणजे एका बाजूने झाकलेला कान दुसऱ्या बाजूने सापडेल.