ओट्यावर वसलेलं नाशिक

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नाशिकच्या सिडकोत एखाद्या गल्लीत जाऊन बघा. दोन खोल्यांच्या घरात चौरंगावर कानबाई देवी मांडलेली असते. नारळाला डोळे, नथ, वर दागिने. सगळे भाऊबंद आत मावत नाहीत, म्हणून रोटांच्या प्रसादाची पंगत ओट्यावर येते आणि तिथून रस्त्यावर. रात्र अहिराणी गाण्यांनी जागते आणि सोमवारी कानबाई वाजतगाजत विसर्जनाला निघते. खानदेश आणि कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) भागातून पोटासाठी आलेल्या माणसांनी आपलं गाव या शहरात असं रुजवलं.

नाशिक वाढलं ते येणाऱ्यांच्या बळावर. 1920 च्या दशकात नाशिकरोडला सरकारी छापखाने आले. 1960 च्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत आणि ओझरचा विमान कारखाना उभा राहिला, पुढे अंबड. कामगारांना घरं हवी होती, म्हणून सिडको या सरकारी महामंडळाने सहा योजनांत 24 हजारांच्या आसपास घरं बांधली. आजही इथला माणूस पत्ता सांगताना ‘चौथी स्कीम’, ‘सहावी स्कीम’ असंच म्हणतो. 1991 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 6.57 लाख होती. 2011 मध्ये ती 14.86 लाख झाली.

सिडकोचं घर नवरा-बायको आणि दोन मुलांपुरतं. पण गावाकडचा भाचा आयटीआयला आला, मुलाचं लग्न झालं, वर मजला चढला, जिना बाहेर आला. ओट्यावर शिवणयंत्र आलं, कुठे पिठाची गिरणी. कागदावर हे अतिक्रमण. गल्लीत अग्निशमनाचा बंब शिरत नाही, ही अडचणही खरीच. पण त्या ओट्यावरच कित्येक संसार उभे राहिले, हेही तितकंच खरं.

अमेरिकेत पूर्व लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन कुटुंबांनी हेच केलं. घरापुढचं अंगण, कुंपण आणि पदपथ त्यांनी बैठकीसाठी, विक्रीसाठी वापरला. जेम्स रोहास या नियोजनकाराने 1991 मध्ये त्याचा अभ्यास मांडला. लोक जागा कशी वापरतात हे आधी बघा, मग आराखडा काढा, हा त्याचा धडा. 2018 मध्ये कॅलिफोर्नियाने पदपथावरच्या विक्रीला कायद्याचं संरक्षण दिलं. आपल्याकडे फेरीवाल्यांचा कायदा त्याआधीच, 2014 मध्ये झाला.

आता अंबड-सातपूरच्या कडेच्या खोल्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार राहतात. एका खोलीत पाच-सहा जण, पाळीप्रमाणे झोपणारे. छठला त्यांची कुटुंबं गोदाघाटावर सूर्याला अर्घ्य देतात. 2008 मध्ये परप्रांतीयांविरुद्ध हिंसाचार झाला, तेव्हा अशा कामगारांपैकी अनेक जण भीतीने गावी परतले. 1 मे 2020 च्या रात्री कोरोनाच्या टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांना घेऊन राज्यातली पहिली श्रमिक रेल्वे नाशिकरोडवरूनच भोपाळला सुटली. त्याच वर्षी केंद्राने स्थलांतरितांसाठी भाड्याच्या घरांची योजना आणली.

पन्नास वर्षांपूर्वी कामगाराच्या घराचा विचार कारखान्याबरोबर झाला होता. आज तो खोलीमालकाच्या मर्जीवर सोडला आहे. सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी घाट आणि रस्ते आखताना कारखान्यांजवळ भाड्याची परवडणारी घरं, मजूर नाक्यावर सावली, पाणी, शौचालय आणि फेरीवाल्यांना हक्काची जागाही आखा. काल खानदेशातून आलेला आज नाशिककर आहे. आज बिहारहून आलेल्यालाही तेवढाच अवधी आणि तेवढीच जागा द्या.