हौशी पोहणाऱ्याचे घटकाभराचे नाटक

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, जेथे जेथे मराठी मंडळी गणेशोत्सवात नाटक बसवतात, तेथे एक भूमिका हमखास शेवटपर्यंत उरते. ती भालदाराची. हातात भाला धरून उभे राहायचे आणि एवढेच म्हणायचे, ‘महाराज, दूत आला आहे.’ ही भूमिका करणारा गृहस्थ पुढे वर्षभर स्वतःचीच थट्टा करीत हिंडतो. इतरांनी करण्याआधी आपणच केलेली बरी, असा त्यामागचा हिशेब. जाहिरातपटात क्षणभर झळकलेला हौशी जलतरणपटू हा या भालदाराचा सख्खा भाऊ होय. मित्रमंडळीत तो आपल्या ‘अभिनया’विषयी जितके विनोद करतो, तितके दुसरे कोणी करीत नाही. त्या विनोदामागे मात्र एक जुना आणि प्रसंगी निष्ठुर असा इतिहास उभा आहे, आणि त्याची ओळख करून घेण्यासारखी आहे असे आम्हांस वाटते.

आधी विनोदाचे कारण पाहू. चित्रफितीवर दर सेकंदास २४ चित्रे उमटतात. म्हणजे तीस सेकंदांच्या जाहिरातीस ७२० चित्रे, आणि चित्रपटगृहात पूर्वी चालणाऱ्या ३५ मिलिमीटरच्या फितीची लांबी अवघी ४५ फूट. एवढ्यासाठी पोहणाऱ्याला दिवसच्या दिवस पाण्यात काढावा लागतो. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातील ऊब कितीतरी पट वेगाने शोषून घेते. तासाभरात बोटांना सुरकुत्या पडतात, ओठ निळसर होतात, दातावर दात आपटू लागतात, आणि नेमके तेव्हाच दिग्दर्शक काठावरून ओरडतो, ‘हसा!’

खरी अडचण त्याहून खोल आहे. वेगाने पोहणारा मनुष्य तोंड पाण्यात ठेवतो आणि श्वासापुरतेच ते कुशीला वळवतो. डोके वर उचलले की पाय खाली जातात आणि पाण्याचा विरोध वाढतो. कॅमेऱ्याला तर हवा असतो चेहरा. म्हणजे ज्याला चांगले पोहता येते म्हणून बोलावले, त्यालाच वाईट पोहायला सांगायचे! आयुष्यभर नीट पोहायला शिकलो आणि पैसे मिळाले ते चुकीचे पोहण्याचे, असे पोहणाऱ्याने म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फारशी नसते.

‘पैसे’ हा शब्द आला आणि येथेच थट्टा संपून इतिहास सुरू होतो. पूर्वीच्या नियमांप्रमाणे खेळातून एक पैसाही मिळवला तर खेळाडू ‘हौशी’ राहत नसे आणि ऑलिंपिकचे दार त्याला कायमचे बंद होई. या नियमाचा उगम एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात सापडतो. तेथे १८६६ साली ठरलेल्या हौशीपणाच्या एका व्याख्येने कारागीर आणि मजूर यांनाच स्पर्धेतून वगळले होते. ज्याच्या घरी खायला आहे त्यानेच हौस करावी, असा त्याचा उघड अर्थ. पुढे ते कलम गेले, पण पैशाचा विटाळ राहिला. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकणाऱ्या जिम थॉर्पने त्यापूर्वी किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळल्याचे उघडकीस येताच १९१३ साली त्याची पदके काढून घेण्यात आली. ती त्याच्या मुलांच्या हाती परत आली १९८३ मध्ये. थॉर्प १९५३ मध्येच वारला होता.

जलतरणपटूंची कुचंबणा तर आणखी मौजेची. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये उताण्या पोहण्याच्या १०० मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळवणाऱ्या एलेनॉर होम हिला चित्रपट कंपनीने करारबद्ध केले. अभिनयाचे पैसे घेतले तर नियमाला हरकत नव्हती. पोहण्याचे घेतले तर होती. म्हणून पडद्यावर पोहण्याची वेळ आली तेव्हा तिने ठाम नकार दिला आणि उत्तम पगाराच्या नोकरीवर पाणी सोडले. जगातील अग्रगण्य जलतरणपटूने पडद्यावर हसावे, बोलावे, नाचावे, फक्त ओले होऊ नये! इतके जपलेले तिचे हौशीपण १९३६ साली निराळ्याच कारणाने व्यर्थ ठरले. बर्लिनला जाताना जहाजावर मद्यपान केल्याबद्दल अमेरिकन संघातून तिला काढून टाकण्यात आले.

जॉनी वाइसम्युलरने निराळी वाट धरली. १०० मीटर अंतर एका मिनिटाच्या आत पोहणारा हा पहिला मनुष्य, ५८.६ सेकंदांचा तो विक्रम १९२२ चा. १९२४ आणि १९२८ या दोन ऑलिंपिकमध्ये मिळून त्याने पाच सुवर्णपदके जिंकली, आणि मग स्पर्धांना रामराम ठोकून तो पोहण्याच्या पोशाखांची जाहिरात करू लागला. १९२९ च्या एका चित्रपटात तो अंजिराच्या पानाएवढे वस्त्र लेवून काही क्षण पुतळ्यासारखा उभा राहिला. म्हणजे अगदी आपला भालदारच. फक्त हातात भाला नव्हता. १९३२ पासून मात्र ‘टारझन’ म्हणून बारा चित्रपटांत तो गाजला. मुळात तो डोके पाण्यावर उंच धरूनच पोहत असे, त्यामुळे कॅमेऱ्याची सोय आपोआप झाली. स्वतःच्या अभिनयाबद्दल त्याला भ्रम नव्हता. आपण खरेखुरे खेळाडू होतो हे प्रेक्षकांना ठाऊक असल्यामुळे ते आपला अभिनय माफ करतात, अशा आशयाचे उद्गार त्याच्या नावावर आहेत.

एस्थर विल्यम्सची गोष्ट याहून चटका लावणारी. १९३९ ची ही अमेरिकन विजेती १९४० च्या ऑलिंपिकची स्वप्ने पाहत होती. महायुद्धामुळे ते ऑलिंपिकच रद्द झाले आणि ती एका दुकानात नोकरीला लागली. तेथून जलनाट्याच्या तमाशात आणि पुढे चित्रपटात तिचे पाऊल पडले. ‘ओली असेल तर तारका, कोरडी झाली की नाही’ अशी एक कोटी तिच्याविषयी प्रसिद्ध आहे. तिचे चित्रपट जगभर चालले; पण ज्या शर्यतीसाठी ती घडली होती, ती तिच्या वाट्याला कधीच आली नाही.

१९७२ साली म्युनिकमध्ये मार्क स्पिट्झने सात सुवर्णपदके जिंकली आणि सातही वेळा जागतिक विक्रम नोंदला. पदक घेताना त्याने हातातील बूट उंचावून दाखवले, तेवढ्यावरून ही जाहिरात तर नव्हे ना, अशी चौकशी झाली. तीतून तो सुटला. पण पुढे दूध, दाढीचे साहित्य अशा जाहिराती त्याने स्वीकारल्या आणि अवघ्या बाविसाव्या वर्षी त्याची स्पर्धा संपली. पुढे १९७४ पासून ऑलिंपिकचे नियम सैल होत गेले, आणि १९८६ मध्ये व्यावसायिकांना प्रवेश द्यावा की नाही हे त्या त्या खेळाच्या संघटनेवर सोपवण्यात आले. आज जाहिरातीत झळकलेला जलतरणपटू दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे शर्यतीला उभा राहू शकतो.

हे बरेच झाले असे आमचे मत आहे. तलावाची वर्गणी, प्रशिक्षकाचे मानधन, परगावच्या स्पर्धांचा प्रवासखर्च यांचा भार ज्या आईबापांनी उचलला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पूर्वी आपल्याकडे पाठीला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत ढकलले की पोहण्याचे शिक्षण सुरू होई आणि त्याला खर्च शून्य. आता ते दिवस नाहीत. अशा वेळी प्रामाणिकपणे चार पैसे मिळाले तर हौस विटाळते, हे ज्यांच्या घरी चणचण नव्हती त्यांनी रचलेले तत्त्व होते.

तरीही त्या नियमाच्या मुळाशी एक खरी भीती होती, आणि ती अजून गेलेली नाही. टाळ्यांची गोडी लागली की पाण्याची गोडी कमी होते. नियमाने हौस राखण्यासाठी शिक्षेचा धाक घातला आणि अनेकांचे नुकसान केले. तेच काम पोहणाऱ्याची स्वतःवरची थट्टा विनासायास करते. आपल्या तीस सेकंदांच्या ‘अभिनया’ला जो हसू शकतो, त्याला आपले खरे काम कोणते हे नेमके ठाऊक असते. ‘हौसेला मोल नाही’ ही आपली म्हण. ती हौसेला मोल देऊ नका असे सांगत नाही, त्या मोलाने हौस मोजू नका एवढेच सांगते.

तेव्हा आपल्या घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला अशी जाहिरात चालून आली, तर तिला खुशाल जाऊ द्यावे. घरच्यांनी मिळून ती पाहावी, पोट धरून हसावे. पण रात्री झोपण्यापूर्वी पहाटेचा गजर लावण्यास विसरू नये.