गंगथडी आणि तेरा वसाहती

गंगापुराहून दक्षिणेकडे निघून कायगावच्या घाटावर उभे राहिले, म्हणजे प्रवरेला पोटात घेऊन पुढे पैठणकडे जाणारी गोदावरी समोर दिसते आणि पैलतीरावर टोक्याच्या सिद्धेश्वराचे देवालय आहे. आमच्याकडची माणसे या नदीला गोदावरी क्वचितच म्हणतात. ती म्हणतात गंगा. आमच्या गावाच्या नावातही तीच आहे आणि पेशव्यांच्या दप्तरात या सगळ्या पट्ट्याचे नाव गंगथडी असेच आढळते. १८०३ च्या ऑगस्टात, अहमदनगरचा किल्ला सर करून आलेला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आपली फौज याच टोक्याजवळ भरल्या गंगेतून पार उतरवून औरंगाबादेकडे गेला आणि महिनाभरात, २३ सप्टेंबर रोजी, असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा त्याने मोड केला. त्याच वर्षाच्या एप्रिल महिन्यात, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, अवघी वीस वर्षे वयाचे अमेरिकन प्रजासत्ताक फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख दीड कोट डॉलरांना खरेदी करून आपला विस्तार जवळजवळ दुप्पट करीत होते. मराठे आणि अमेरिकन, दोघेही एकाच इंग्रजी सत्तेशी, एकाच दशकात झुंजलेले. आणि त्या झुंजीला वीस वर्षे होतात न होतात तोच एकाचे राज्य वाढत होते, दुसऱ्याचे मोडत होते. हे असे का झाले, हा प्रश्न या घाटावर उभ्या राहणाऱ्या मराठी माणसाने स्वतःला विचारलाच पाहिजे असे मला वाटते.

अमेरिकेचा इतिहास आपण शाळेत दुसऱ्याच्या घरची हकीकत म्हणून वाचतो. वस्तुतः तिचे पहिले पानच आपल्या नावाने सुरू होते. १४९२ साली कोलंबस निघाला तो हिंदुस्थानच्या शोधात. वाटेत आडवी आलेली भूमी हीच आशिया, अशी समजूत करून घेऊन त्याने तिथल्या मूळ रहिवाशांना ‘इंडियन’ म्हटले आणि त्या बिचाऱ्यांच्या माथी ते चुकीचे नाव शतकानुशतके राहिले. खरा हिंदुस्थान वास्को द गामाला १४९८ साली सापडला. मग पोर्तुगीज गलबतांतून त्या नव्या भूमीची मिरची, मका, सीताफळ, बटाटा ही वाणे आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि देशावर चढली. आज गंगापूर तालुक्याच्या शेतांतून उभा असलेला मका आणि दौलताबादच्या डोंगरउतारावरची सीताफळे पाहून त्यांना परदेशी म्हणण्याची कोणाची छाती होईल?

इंग्रज या दोन्ही दिशांना जवळजवळ एकाच वेळी निघाले. पूर्वेकडच्या व्यापाराची सनद ईस्ट इंडिया कंपनीला १६०० च्या अखेरच्या दिवशी मिळाली. पश्चिमेकडे, व्हर्जिनियातील जेम्सटाउन येथे, त्यांची पहिली टिकाऊ वसाहत १६०७ साली बसली. दुसऱ्या चार्ल्स राजाला पोर्तुगालकडून आंदणात मुंबई मिळाली ती १६६१ च्या विवाहकराराने. त्याच राजाच्या आरमाराने डचांचे न्यू ॲमस्टरडॅम घेऊन त्याला न्यूयॉर्क हे नाव दिले ते १६६४ साली, म्हणजे ज्या वर्षाच्या आरंभी शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्या वर्षी. परंतु दोहोंकडच्या कारभारात एक मोठा भेद होता. पश्चिमेकडे इंग्रज कुटुंबकबिल्यासह राहायला गेले, मूळ रहिवाशांना हटवून त्यांनी जमिनी घेतल्या, १६१९ पासून आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे राबवायला सुरुवात केली आणि तेरा वसाहतींत आपापल्या प्रातिनिधिक सभा भरविल्या. पूर्वेकडे आले ते गुमास्ते आणि शिपाई.

या दोन धाग्यांची गाठ पडली ती पैशाच्या प्रश्नावरून. सप्तवार्षिक युद्धात इंग्लंड जिंकले, पण कर्जात बुडाले. ते फेडण्यासाठी १७६५ च्या मार्चमध्ये वसाहतींवर मुद्रांकाचा कर बसविण्यात आला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात दिल्लीच्या बादशहाकडून कंपनीने बंगालची दिवाणी मिळविली. ज्यांच्या सभा होत्या त्या वसाहतवाल्यांनी, आमचे प्रतिनिधी ज्या पार्लमेंटात नाहीत तिला आमच्यावर कर लादण्याचा अधिकार नाही, असे ठणकावून सांगितले. बंगालच्या रयतेला विचारणारे कोणीच नव्हते. पाचच वर्षांत बंगालात भयंकर दुष्काळ पडला, लक्षावधी माणसे अन्नान्न करीत मेली आणि इतका मुलूख हाती असूनही कंपनीचे दिवाळे निघण्याची वेळ आली. तेव्हा १७७३ साली लॉर्ड नॉर्थच्या मंत्रिमंडळाने पार्लमेंटच्या एकाच अधिवेशनात दोन कायदे करून घेतले. एकाने कंपनीच्या वखारींत पडून राहिलेला चहा अमेरिकेत स्वस्तात खपविण्याची सोय केली. दुसऱ्याने, ज्याला आपण नियामक कायदा म्हणतो त्याने, कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या युद्धतहावर देखरेख दिली. पहिल्या कायद्याचे उत्तर बोस्टन बंदरात १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या चहा समुद्रात फेकून देण्यात आले. त्या चहाविषयी लिहिताना पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सन या विचारवंताने आपल्या बांधवांना बजावले होते, की ज्या कंपनीने बंगालची माणसे उपाशी मारली तिच्या हाती आपली मान देऊ नका. आपल्याकडच्या भूकबळींचा आक्रोश इतक्या दूर कोणाच्या तरी अंतःकरणाला भिडला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याच १७७३ च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या खुनानंतर गादीवर बसलेल्या राघोबादादांना कारभाऱ्यांच्या बारभाई जुटीने दूर केले. आणि ज्या पुरुषाने एके काळी अटकेपर्यंत घोडी नेली होती, तो १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेस मुंबईकर इंग्रजांच्या तहनाम्यावर सही करून आपल्याच राज्यावर परकी फौज आणता झाला. दीड महिन्याच्या आत अमेरिकेत लेक्झिंग्टन गावी पहिली गोळी झडली. येथून पुढे सात-आठ वर्षे या दोन युद्धांची पावले इतकी जोडीने पडतात, की तारखा मांडतानाही मन थक्क होते. नियामक कायद्याचा अधिकार दाखवून कलकत्तेकरांनी मुंबईकरांचा तह रद्द ठरविला आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरास नवा तह केला. ४ जुलैला फिलाडेल्फियात तेरा वसाहतींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला.

१७७७ च्या ऑक्टोबरात सॅराटोगा येथे जनरल बर्गॉइनने आपल्या सबंध सैन्यासह अमेरिकनांपुढे शस्त्रे खाली ठेवली आणि ती वार्ता ऐकून फ्रान्सने पुढच्या फेब्रुवारीत वसाहतींशी उघड दोस्ती केली. इकडे पुण्यास सेंट लुबिन नावाचा फ्रेंच इसम आपण फ्रान्सच्या बादशहाचे वकील आहोत असे सांगत आदल्या वर्षीच दाखल झाला होता आणि नाना फडणीस त्याला मुद्दाम मोठ्या मानाने वागवून इंग्रजांच्या काळजात धडकी भरवीत होते. सॅराटोग्याची बातमी कलकत्त्यास पोहोचली तेव्हा वॉरन हेस्टिंग्जने जे मत नोंदविले त्याचा आशय असा, की पश्चिमेकडे इंग्लंडला खरोखर एवढा धक्का बसला असेल तर ते नुकसान भरून काढण्याची जबाबदारी पूर्वेकडच्या अधिकाऱ्यांवर अधिकच येते. बंगालची फौज काल्पीहून मध्य हिंदुस्थान ओलांडून पश्चिमेकडे चालत होती ती या हिशेबाने. लंडन आणि कलकत्त्याच्या दृष्टीने पुणे आणि फिलाडेल्फिया ही एकाच खतावणीतली दोन खाती होती; एकीकडची तूट दुसरीकडून वसूल व्हायची होती.

मुंबईकरांना बंगालच्या फौजेसाठी थांबण्याइतका धीर नव्हता. राघोबादादांना पुढे घालून, सुमारे चार हजार सैनिक आणि एकोणीस हजार बैलांचा लवाजमा घेऊन ते बोरघाट चढून आले. ज्याला मराठी शिपायांनी कौतुकाने ‘इष्टुर फाकडा’ म्हटले तो शूर कप्तान स्ट्युअर्ट कार्ल्याजवळ पडला. तळेगाव गाठले तो गाव जाळून ओस केलेले, दाणावैरण नाही, भोवती महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांची घोडदळे. रात्री जड तोफा तळ्यात लोटून इंग्रज मागे फिरले आणि वडगावास कोंडले गेले. १७७९ च्या जानेवारीत त्यांनी शरणागतीचा करार लिहून दिला. जड सामानसुमानासह अनोळखी मुलखात शिरलेली फौज, तुटलेली रसद, चहूकडून वेढा: सॅराटोगा आणि वडगाव यांत अंतर आहे ते पंधरा महिन्यांचे आणि समुद्राचे. पुढे सॅराटोग्याचा करार अमेरिकन काँग्रेसने पाळला नाही आणि वडगावचा इंग्रजांनी.

१७८० साली नाना फडणिसांनी हैदर अली, निजाम अली आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एका जुटीत आणले. निजाम आणि भोसले यांचा हात आखडता राहिला, पण हैदराने कर्नाटकात असा कहर केला, की त्याची कीर्ती अमेरिकेपर्यंत गेली. पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचे नाव ‘हैदर अली’ ठेवले गेले आणि त्या जहाजाने १७८२ च्या एप्रिलमध्ये डेलावेअरच्या उपसागरात इंग्रजांचे ‘जनरल मंक’ पकडले. तत्पूर्वीच, १९ ऑक्टोबर १७८१ रोजी, लॉर्ड कॉर्नवॉलिस यॉर्कटाउन येथे वॉशिंग्टनला शरण गेला होता. आपल्याकडे महादजींच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. अमेरिकेचा अंतिम तह ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसला झाला. दोन्हीकडे इंग्रजांना नमते घ्यावे लागले, हे खरे आहे आणि ते आपण अभिमानाने सांगावे.

मग फरक कोठे पडला? युद्ध संपल्यावर अमेरिकेची स्थिती आपल्या सरदारमंडळापेक्षा फारशी निराळी नव्हती. तेरा संस्थाने, प्रत्येकाचा सवतासुभा. मध्यवर्ती काँग्रेसला कर वसूल करण्याचा अधिकार नाही, संस्थानांनी ठरलेली रक्कम पाठविली तर खजिना, नाहीतर खडखडाट. सरंजामदारांकडून रसद आणि पैसा काढताना नानांना जे सोसावे लागे तेच वॉशिंग्टनने लष्कराच्या छावणीत सोसले होते. पण १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात माणसे जमली, चार महिने भांडली आणि १७ सप्टेंबरला त्यांतील ३९ जणांनी एका लेखावर सह्या केल्या. त्या लेखाने अधिकार माणसाला न देता हुद्द्याला दिला आणि हुद्द्याला मुदत घातली. त्या घटनेत मोठे पाप राहून गेले होते. प्रतिनिधित्वासाठी पाच गुलामांची गणती तीन माणसे म्हणून करणारा आणि मूळ रहिवाशांना बाहेर ठेवणारा तो दस्तऐवज होता आणि त्याचे प्रायश्चित्त त्या देशाला पुढे यादवी युद्धाच्या रक्ताने घ्यावे लागले. तरीही वॉशिंग्टन आठ वर्षांनी आपण होऊन पायउतार झाला आणि राज्य अडले नाही. आपल्याकडे बारभाईंची जूट ही असामान्य बुद्धीच्या माणसांनी केलेली असामान्य गोष्ट होती, पण ती त्या माणसांच्या श्वासावर उभी होती. १७९४ त महादजी गेले, १७९५ त सवाई माधवराव गेले, आणि १३ मार्च १८०० रोजी, वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर अवघ्या तीन महिन्यांनी, नाना गेले. पुढच्या तीन वर्षांत राघोबादादांच्या मुलाने वसईस इंग्रजांची तैनाती फौज कबूल केली आणि वेलस्ली आमच्या घाटाला लागला. मराठी शौर्य कमी पडले असे मी मानीत नाही. आपल्याकडे कमी पडला तो लेख.

यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ साली हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि टिपूविरुद्धच्या मोहिमेत पेशवे आणि निजाम हेच त्याचे दोस्त झाले. १८०५ साली, शिंदे-होळकरांशी चाललेले युद्ध मिटविण्यासाठी, तो म्हातारपणी पुन्हा आला आणि ५ ऑक्टोबरला गाझीपुरास मरण पावला. उत्तरेच्या गंगेकाठी त्याची कबर आहे. आणि ज्यांच्या गादीच्या हव्यासाने पहिले इंग्रज युद्ध पेटले ते राघोबादादा सालबाईच्या तहाने दरमहा पंचवीस हजारांच्या नेमणुकीवर आमच्या गंगेच्या काठी येऊन राहिले. कायगावहून नदीच्या कडेकडेने वर पुणतांब्यावरून गेलात तर कोपरगाव लागते. तेथे त्यांचा वाडा आहे, तो पाहा. पॅरिसच्या तहावर सह्या होऊन शंभर दिवस लोटतात न लोटतात तोच, ११ डिसेंबर १७८३ रोजी, ते तेथे वारले.