आधी माउस बाजूला ठेवा

हैदराबादच्या माधापूर भागातल्या आमच्या ऑफिसात वेबसाइट तपासायला आली की आधी माउस काढून ठेवायचा, हा शिरस्ता. मग एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर सुरू करायचा आणि टॅब दाबत पुढे जायचं. परवा आलेल्या साइटच्या तळाशी डिझाइनच्या पारितोषिकाचं मानचिन्ह झळकत होतं. टॅब दाबला. आवाज आला, ‘बटन’. पुन्हा दाबला, ‘बटन’. तिसऱ्यांदाही ‘बटन’. पडद्यावर तिथे शोध, खरेदीची पिशवी आणि मेन्यू अशी तीन रेखीव चिन्हं होती, पण कोडमध्ये त्यांना नावंच दिलेली नव्हती. फोकस कुठे आहे हे दाखवणारी चौकटही काढून टाकलेली. फॉर्ममध्ये फोन नंबर चुकला की रकाना लाल व्हायचा आणि स्क्रीन रीडर गप्प राहायचा. माझी दृष्टिहीन सहकारी एनव्हीडीए इतक्या वेगानं ऐकते की मला त्यातला शब्द कळत नाही. तीही या फॉर्मपुढे हतबल झाली.

अशा साइटला पारितोषिक मिळतं कसं? या साइटची स्पर्धा वेगळी होती, पण जगभर नावाजलेल्या ‘ऑवर्ड्स’ या वेब-डिझाइन पुरस्कारांची गुणविभागणी पाहा: डिझाइन 40 टक्के, वापरसुलभता 30, कल्पकता 20, आशय 10. डेव्हलपरसाठीच्या वेगळ्या पुरस्कारात अपंगांच्या सोयीचे गुण धरतात. मुख्य गुणांत त्या सोयीला स्वतंत्र जागा नाही.

निकष मात्र केव्हाचे तयार आहेत. अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीची डब्ल्यूसीएजी 2.0 ही नियमावली डिसेंबर 2008 मध्ये आली. साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान 4.5:1 हवा, इतक्या नेमकेपणानं ती सांगते. मार्च 2011 मध्ये वेब सर्वांना वापरता यावं या विषयावरची ‘डब्ल्यूफोरए’ ही आंतरराष्ट्रीय परिषद याच हैदराबादेत भरली होती. आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

म्हणून पारितोषिकं देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: प्रवेशिका आली की आधी ती नुसत्या कीबोर्डवर चालवून पाहा, परीक्षकांत स्क्रीन रीडर वापरणारी एक तरी व्यक्ती घ्या, आणि तिला फॉर्म भरता आला तरच रंगसंगतीचे गुण मोजायला बसा.